राहून गेलेले आभार

मुळशी धरण
१८ फेब्रुवारी १९६२

आई,

जी संत कधी झालीच नसेल असं आता सांगतात, तिच्याकडे तू केलेली प्रार्थना मग ऐकली कोणी? मामांच्या पत्रातून तू मला हे विचारलंस, आणि तुझी बी.ए. झालेली मुलगी कोरा कागद पुढे घेऊन बसून राहिली. मला उत्तर येत नाही. येत नाही हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

मामांना सलाम. मामा, आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका. मागच्या पत्रातलं धरणाचं वाक्य तुम्ही गाळलंत, हे तुमच्याच उत्तरावरून मला कळलं.

तुझं म्हणणं मला समजलं आहे असं वाटतं. तरी एकदा लिहिते, चुकलं तर कळव. माझ्या आधीची तुझी बाळं जगली नाहीत. मी पोटात असताना मिशनच्या फादरांनी तुला संत फिलोमिनाची तसबीर दिली. हातात खजुराची फांदी, पायाशी गलबताचा नांगर आणि बाण. तू नऊ दिवस प्रार्थना केलीस, मी जगले, आणि बाप्तिस्म्याला तिचंच नाव मला दिलंस. तेव्हापासून दर अकरा ऑगस्टला, तिच्या सणाला, आपल्याकडे गोड भात होत आला. दादा वारले आणि घरात तू एकटी कमावती उरलीस, त्या वर्षीही तू तो चुकवला नाहीस.

गेल्या वर्षी रोमहून हुकूम आला, की तिचं नाव सणांच्या यादीतून काढा. फादरांनी तो रविवारच्या मिस्सेच्या उपासनेनंतर वाचून दाखवला आणि बाजूच्या वेदीवरचं तिचं चित्र उतरवलं. तू कोणाशी भांडली नाहीस. दवाखान्यातलं आयाचं काम सोडलंस आणि संगमनेरला मामांकडे निघून गेलीस. पुढे धरण फुटून पुण्यात पूर आला, नदीकाठची आपली खोली गेली, मी शेजाऱ्यांच्या गच्चीवर चढून वाचले. त्या दिवसापासून तुझ्या मनाने घेतलं आहे, की इतकी वर्षं तू आभार भलतीकडेच मानलेस. ज्याने खरोखर ऐकलं त्याचे राहून गेले, आणि तो ते आता माझ्याकडून वसूल करायला निघाला आहे.

आणि मी नोकरी धरली ती नेमकी धरणाकाठी.

म्हणून तुला माझं नाव बदलून हवं आहे. ‘आना’ घे म्हणतेस, मरियेच्या आईला कोण यादीतून काढतंय. नाव बदलल्याचं कळेपर्यंत तू मला पत्र घालणार नाहीस, भेटणार नाहीस.

अर्ज मागवला आहे. हेडमास्तर म्हणाले, गॅझेटात छापून येईल, मग पदवीचा कागदही बदलून घ्या, नाहीतर बी.ए. झाली फिलोमिना आणि पगार घेणार आना. ते हसले, मीही हसले. जूनच्या आत सगळं व्हायला हवं, कारण त्यानंतर मी शाळेत कायम होईन आणि कायमच्या कागदावर एकच नाव चालतं.

बाकी मी बरी आहे. आठवीच्या वर्गात मुली फक्त चार आहेत, पण हुशार आहेत. मी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या आयांना समजावते. त्या ऐकून घेतात आणि मला भाकरी खायला घालतात.

तुझी मुलगी


मुळशी धरण
११ मार्च १९६२

आई,

सलाम. गेल्या रविवारी पुण्याला मिस्सेला गेले होते. पहाटेच्या एस.टी.ने निघाले, पौडला गाडी बिघडली, तरी प्रवचनापर्यंत पोहोचले. नंतर फादरांना भेटले. चित्र त्यांनीच उतरवलं, म्हणून तुझा प्रश्न त्यांनाच विचारला.

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. दीडशे वर्षांपूर्वी रोममध्ये जमिनीखाली एक जुनी कबर सापडली. तिच्या तोंडाशी मातीच्या तीन फरश्या होत्या. त्यांवर नाव होतं, नांगर होता, बाण होते. आत एका लहान मुलीची हाडं होती. पण फरश्यांचा क्रम उलटसुलट लागलेला, म्हणून विद्वान म्हणतात की त्या दुसऱ्याच कबरीच्या असतील, पुन्हा वापरलेल्या. आपण ऐकलेली सगळी कथा एका धर्मभगिनीला प्रार्थनेत दिसली म्हणे. ती राजकन्या होती, बादशहाशी लग्नाला तिने नकार दिला, त्याने गळ्यात नांगर बांधून तिला नदीत टाकलं, देवदूतांनी दोर कापला आणि ती कोरड्या कपड्यांनी काठावर आली. यातलं लेखी कुठेच काही नाही. ख्रिस्तसभेने एवढंच म्हटलं की आम्हाला नक्की माहीत नाही, तेव्हा तिच्या नावाने सण नको. ती नव्हतीच, असं कोणी म्हटलेलं नाही.

मग आईची प्रार्थना ऐकली कोणी, असं मी पुन्हा विचारलं. फादरांनी मिस्सांची वही उघडली. म्हणाले, आईला सांग, मी तिच्यासाठी मिस्सा अर्पण करीन. मला ते उत्तर पटलं नाही. पण तुला बरं वाटेल म्हणून लिहिलं.

आई, एक विचारू? मरियेच्या आईचं आना हे नावही बायबलातल्या शुभवर्तमानांत कुठे नाही. मी चारही शुभवर्तमानं पुन्हा वाचून पाहिली. मरियेला आई होती हे उघड आहे, पण तिचं नाव आपल्याला कळलं ते जुन्या कथांतूनच. मामा, हे वाक्य तुम्ही गाळाल असं वाटतं. कृपा करून गाळू नका.

अर्ज आला आहे आणि मी भरला आहे. त्यावर इथल्या ओळखीच्या माणसाची सही लागते, म्हणून घरमालक कुशाबांना सगळं सांगावं लागलं. मी त्यांच्या पडवीशेजारच्या खोलीत राहते. कुशाबा कमी बोलतात. त्यांच्या मंडळी, तुळजाबाई, त्यांच्या वाटचंही बोलतात. त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली ठेवून म्हणाल्या,

“वरनं हुकूम आला? मग उठवलीच म्हना की तिला. जागा कुटं दिली?”

मी म्हटलं, जागेचा प्रश्न नाही, फक्त यादीतून नाव काढलं आहे.

“आमाला बी आदी येवढंच सांगितलं व्हतं,” त्या म्हणाल्या.

आई, इथलं जुनं गाव पाण्याखाली आहे. चाळीस वर्षांपूर्वी धरण झालं तेव्हा घरं, शेतं, देऊळ सगळं गेलं आणि माणसं डोंगराच्या अंगाला येऊन राहिली. त्यामुळे हुकूम म्हटला की यांना एकच गोष्ट आठवते. मी अर्धा तास समजावलं, रोम कुठे, यादी म्हणजे काय, संत म्हणजे देव नव्हे. शेवटी कुशाबांनी तोंड उघडलं. “दावा लावा म्हनावं,” ते म्हणाले. “आमी न्हाई लावला, त्ये चुकलं.” आणि सही न करताच गोठ्यात गेले. तुळजाबाई म्हणाल्या, उठवलेल्या बाईचं नाव पुसायला त्ये सही न्हाई करायचे, तुमी दुसरा मानूस बगा.

दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

तुझी मुलगी


मुळशी धरण
१३ मे १९६२

आई,

पार्सल मिळालं. गोणपाटाची शिवण तुझ्या हातची आहे हे पाहताच ओळखलं. तुझा हात एवढा तरी माझ्यापर्यंत आला.

तसबिरीची काच फुटलेली नाही. सोबतच्या चिठ्ठीत मामांनी तुझा निरोप लिहिला आहे. आशीर्वादित वस्तू रस्त्यावर टाकता येत नाही, ती पुरावी नाहीतर जाळावी लागते, तुझ्याच्याने ते होत नाही, म्हणून मी करावं. मी तसबीर ट्रंकेत कपड्यांखाली ठेवली आहे. आज एवढंच सांगते. सुट्टी लागली आहे, तरी तिकडे आले नाही, कारण तू भेटणार नाहीस हे मला माहीत आहे.

दुसरं एक सांगायचं आहे. इथे आल्यापासून मी पाहत होते, की दर मंगळवारी तुळजाबाई पाण्याच्या काठी जातात, वाकून पाण्याला हळदकुंकू वाहतात, चिमूटभर तांदूळ सोडतात आणि परत येतात. मला वाटायचं, त्या तलावाची पूजा करतात. मी वर्गात त्यावर थोडं बोललेही होते, निसर्गपूजा वगैरे. चुकीचं बोलले होते.

वैशाखात धरणाचं पाणी उतरतं. या मंगळवारी तुळजाबाई म्हणाल्या, चला मास्तरीनबाई, आमची जाखमाता उघडी पडलीया. सगळं गाव चाललं होतं. जिथे एरवी होडी चालते तिथे आम्ही वाळून भेगाळलेल्या चिखलातून चालत गेलो. जुन्या बांधांच्या रेघा दिसतात, एका घराचा उंबरा दिसतो. तो कोणाचा हे म्हाताऱ्या माणसांना अजून माहीत आहे. पुढे देवळाचं जोतं आहे आणि त्यावर एक शेंदराचा तांदळा, देवीचा बिनघडीव दगड. बायकांनी घागरींनी तो धुतला. शेंदूर लावला, ओटी भरली, मग तिथेच बसून सगळ्यांनी भाकऱ्या सोडल्या. महिन्याभराने पाणी पुन्हा चढतं. मग वर्षभर मंगळवारची ओटी काठावरून, देवळाच्या दिशेने.

मी विचारलं, वर टेकडीवर नवं देऊळ आहे, नवी मूर्ती आहे, मग इथे कशाला? तुळजाबाईंनी मला त्यांची गोष्ट सांगितली.

त्या नव्या सून होत्या. पहिला मुलगा व्हावा म्हणून जाखमातेला नारळ बोलल्या. मुलगा झाला, आणि नवस फेडायच्या आधी पाणी आलं. गुरव म्हणाला, नव्या देवळात वाहा. त्यांना ते पटेना, कारण नवस खालच्या देवीला होता. म्हणून त्यांनी काठावर उभं राहून नारळ पाण्यात सोडला. तो तरंगत थोडा आत गेला आणि वाऱ्याने परत आला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. त्यांना वाटलं, देवी घेत नाही, रागावली, आता पोराला नेणार. तान्ह्याला छातीशी धरून त्या तिथेच रडत बसल्या. सासू त्यांना उठवून घेऊन आली. मग नारळ भाताच्या कणगीत घालून ठेवला आणि वैशाखात पाणी उतरल्यावर खाली जाऊन वाहिला. तो मुलगा म्हणजे नथू. आता भरे गावात त्याच्या मुलीची सोयरीक ठरते आहे.

तुझी आठवण येत होती, म्हणून मी त्यांना तुझं सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, तुमची ही बाई देव न्हाई म्हनता, मग करती काय? मी सांगितलं, संत आपल्या वतीने देवाकडे शब्द टाकतात.

“म्हंजे वशिला,” त्या म्हणाल्या.

मला राग आला. मी म्हटलं, वशिला हा शब्द बरा नाही. त्या म्हणाल्या, शब्दाला काय झालं, नथूला धरनावर लावला तवा मीच पाटलाचा वशिला लावलावता. आणि भाकरीचा तुकडा तोंडात घालून उठल्या.

मी तो शब्द मनात घोळवत परत आले. मला तो अजून आवडलेला नाही.

तुझी मुलगी


मुळशी धरण
२४ जून १९६२

आई,

मामांचं कार्ड आलं. त्यात लिहिलं आहे की मागचं पत्र तू दोनदा वाचून घेतलंस, आणि दुसऱ्या खेपेला मध्येच थांबवून म्हणालीस, तिला विचार, कणगीतला नारळ नासला नव्हता का.

आई, वर्षभरात तू मला विचारलेला हा पहिला प्रश्न आहे ज्यात माझं नाव बदलण्याचा विषय नाही. कार्ड घेऊन मी धावत ओसरीवर गेले.

तुळजाबाईंनी भुवया उंचावल्या. “नासला व्हता की. फोडला तर आतनं काळा. जवळच्या बाया नाकाला पदर लावून सरल्या.”

मग काय केलंत, मी विचारलं.

“काय करनार? तिथंच ठिवला. मी कबूल केल्याला त्योच व्हता. ती काय वास घिऊन बगती व्हय? तुमच्या आईला सांगा, माजा नासका बी पोचला. नथू बगा कसा पाड्यावानी हाय.” आणि मग विचारलं, “आई नारळाचं इचारती म्हंजे येनार हाय का?”

मी सांगितलं, अजून काही कळलेलं नाही.

आई, मी तुला धर्म शिकवावा इतकी मोठी नाही, आणि तुळजाबाईंची जाखमाता व आपला देव एकच, असंही मी लिहिणार नाही. तसं मी मानत नाही, हे त्यांनाही सांगितलं आहे. त्या म्हणाल्या, बरं. पण तो वशिल्याचा शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हता. काल वह्या तपासताना एकदम सुचलं ते लिहिते. एखाद्याने साहेबाकडे अर्ज केला आणि मधल्या माणसाचं नाव घातलं. मागाहून कळलं की तो मधला माणूस त्या कचेरीत नव्हताच. पण काम तर झालं होतं. मग अर्ज कोणी वाचला? साहेबानेच वाचला असणार. आणि आभाराचं पत्रही मधल्या माणसाच्या नावाने गेलं तरी पडलं असणार साहेबाच्याच टेबलावर. तो ते परत पाठवेल का, की बाई, पाकिटावर नाव चुकलं, आता मुलगी द्या? माझ्या शाळेचे चेअरमनसुद्धा असं करणार नाहीत, आणि ते फार कडक आहेत.

हे उत्तर आहे असं मी म्हणत नाही. फादरांना लिहून विचारलं. त्यांनी उलट कार्डावर एकच ओळ लिहिली, की हे त्यांना स्वतःलाच आधी सुचायला हवं होतं.

शाळा सुरू झाली. आठवीत आता सात मुली आहेत. मला कायम करायचा कागद हेडमास्तरांनी ऑगस्टपर्यंत थांबवून ठेवला आहे. तुमचं एकदा ठरू द्या, म्हणतात. अर्जावर सही करायला ग्रामपंचायतीचे गेणबा तयार आहेत. उद्या या म्हणतात, आणि मीही उद्याच म्हणते.

तुझी मुलगी


मुळशी धरण
१२ ऑगस्ट १९६२

आई,

सलाम. मामांचं पत्र परवा पोहोचलं. मामा, तुम्ही लिहिलंत ते आईला विचारून लिहिलंत का, माहीत नाही, पण मी ते इथे बोलणार आहे. ऑगस्ट लागल्यावर आईने माळ्यावरचं पितळेचं पातेलं काढलं, घासलं, उन्हाची तिरीप आली तेव्हा दारात ठेवलं आणि संध्याकाळी पुन्हा माळ्यावर चढवलं. काय शिजवायचं आणि कोणासाठी, हे तिला कळेना.

आई, ते मी केलं.

काल अकरा तारीख होती, शनिवार, सकाळची शाळा. सुटल्यावर मी गोड भात केला. पातेलं तुळजाबाईंचं, तांदूळ त्यांच्या खाचरातला आंबेमोहोर, गूळ पौडच्या बाजारचा. लवंग जास्त झाली. तुझ्यासारखा मोकळा झाला नाही, खाली थोडा लागला. पण नासका नारळ चालतो, तर लागलेला भातही चालेल असं मी ठरवलं. सातही मुली आल्या. हा कसला सण, विचारलं, तेव्हा मी त्यांना गोष्ट सांगितली, नांगर, नदी आणि कापलेला दोर. शेवटी हेही सांगितलं, की असं खरंच घडलं की नाही ते कोणाला माहीत नाही. एक मुलगी म्हणाली, मग आधी का न्हाई सांगितलं, बाई? दुसरी तिला म्हणाली, गप, मग ऐकलं असतं का आपण.

मुली गेल्यावर दार लावून मी प्रार्थना केली. तुझी नऊ दिवसांचीच, तसबिरीमागे चिकटवलेल्या जुन्या कागदावरची. शेवटी माझे चार शब्द घातले. ज्याने माझ्या आईचं ऐकलं त्याचे आभार. फिलोमिना नावाची कोणी असेल तर तिचे, आणि नसेल तर ज्याने मधल्या कोणावाचून ऐकलं त्याचे. आईने जिच्यासाठी मागितलं होतं तीच मी, म्हणून आईच्या वतीने मी हे देते आहे. आजपर्यंतचं सगळं.

तसबीर मी पुरली नाही. खिळा मातीच्या भिंतीत धरत नव्हता. कुशाबांनी भोक पाडून आत लाकडाची खुंटी ठोकून दिली. ठोकताना विचारलं, हीच का ती उठवल्याली? मी हो म्हटलं. त्यांनी नांगरावर बोट ठेवलं. म्हणाले, नांगर गलबताचा हाय, पान्यातलीच हाय म्हना की. तुळजाबाईंना ती अशक्त वाटली. म्हणाल्या, हिला जेवायला कमी घालत व्हते.

पाणी आता जोत्यावरून कधीच चढलं आहे. मंगळवारी ओटी पुन्हा काठावरून सुरू झाली. मी पाण्याकडे बघते तेव्हा तुझी भीती मला आठवते. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पूर मी पाहिला आहे. पण पूर हा निरोप नव्हता, आई, तो पूर होता. त्या दिवशी शेजाऱ्यांनी मला हात दिला, तो मात्र मी निरोप समजते.

आता राहिलं ते सांगते. गेल्या गुरुवारी कायमच्या कागदावर सही केली, आपलं पूर्ण नाव लिहून, दादांचं नाव मध्ये घालून. हेडमास्तरांनी टिपकागद फिरवला आणि म्हणाले, चला, पदवी वाचली. गेणबांना सांगितलं, उद्याची गरज नाही. तू एक जाळायला दिलं होतंस, मी दुसरं जाळलं. नावबदलाचा अर्ज काल चुलीत घातला, आणि त्याच जाळावर भात शिजला.

थोडा भात वाळवून पुडीत घालून पाठवते आहे. तो नासलेला पोहोचला तरी खा. संगमनेरहून सकाळच्या गाडीने निघालं तर पुण्याला शेवटची मुळशीची एस.टी. मिळते. ओसरीवर उजेड असतो.

तुझी
फिलोमिना